जमुनाच्या अभ्यासाची आणेवारी

मुक्काम आमचं गाव (अचलपूरची एस.टी. हात दाखवूनही जिथं थांबत नाही, तेच)
डिसेंबर १९६१

राजमान्य राजश्री देवीदासभाऊ यांस,

महादेवराव पटवाऱ्याचा रामराम. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमची बहीण पार्वता गुडघ्याला तेल लावते आणि तुमच्या पत्राला नावं ठेवते, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तम समजावी. तुमच्या पित्ताचं कसं काय? मुख्याध्यापकाला पित्त व्हायचंच, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पाहायच्या म्हणजे काय होणार. वच्छलावहिनींना नमस्कार सांगा. सांगितला की नाही, ते मी त्यांनाच विचारणार आहे.

पत्र पोचलं. तुम्ही लिहिता की जमुना ऑगस्टपासून घरी बसली आहे, तरी कोणत्या विषयाचा अभ्यास किती झाला ते कागदावर दाखवा, तर मॅट्रिकच्या फॉर्मसोबतच्या दाखल्यावर मामा म्हणून मी सही करतो. नाही तर दर्यापूरचं स्थळ चांगलं आहे, होकार कळवा. दर्यापूरला माझा नकार कळवून टाका. राहिलं कागदाचं. बावीस वर्षं पटवारकी केलेल्या माणसाला कोणी कागदाची भीती दाखवावी, याचं मला हसू येऊन राहिलं. (मी शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो आहे, जिथं जमणार नाही तिथं तुम्ही लाल शाई फिरवा.)

आधी 'घरी बसली' हे शब्द मागं घ्या. जमुना बसली नाही, मी तिला उठवून आणली. तालुक्याच्या शाळेत यंदा असं ठरलं की बीजगणिताच्या तासाला पोरींनी शिवणाच्या खोलीत जायचं, कारण (मास्तर माझ्या तोंडावर म्हणाले) आकडेमोडीनं पोरींचं डोकं तापतं. जमुना त्यांना म्हणाली, "काजं-बटनं मले येतात, मले बीजगणित पाहिजे," आणि चार दिवस वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून तास ऐकला. पाचव्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. सहाव्या दिवशी मी बंडी जुंपली आणि पोरीचं नाव काढून आणलं. बोर्डाला पोरगी घरून परीक्षेला बसलेली चालते आणि मास्तरांना दाराबाहेर उभी राहिलेली चालत नाही, तर आम्ही बोर्डाचं ऐकायचं ठरवलं. तुम्हीही त्याच पेशातले, तेव्हा रागावू नका असं लिहिणार होतो. पण रागवा खुशाल.

आता पद्धत. मला एकच येते. दरसाल पिकाची आणेवारी लावतो, तशीच अभ्यासाची लावली. सोळा आणे म्हणजे भरघोस, सहाच्या खाली म्हणजे बुडालं. एक जुनं पाहणीपत्रक घेतलं (सरकारी कागद घरी वापरला म्हणाल, पण मागची बाजू कोरी होती), शेताच्या जागी विषय मांडला, पिकाच्या जागी धडा, आणि दर रविवारी चहा झाला की पाहणी. आणेवारीला पंच लागतो म्हणून पार्वताला नेमलं. ती चौथीच शिकली आहे, पण पोरगी थाप मारते की खरं सांगते हे तिला पुस्तक न उघडता कळतं. मराठी चौदा आणे. इतिहास बारा, कारण सनावळ्या सांगताना जमुना छपराकडं पाहते आणि पार्वताला ते खपत नाही.

भूमितीला माझ्याकडं मोजणीची साखळी आहे. जमुनाला साखळी दिली, गावचा नकाशा दिला, आणि म्हटलं या एका शेताचे त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढ. शेत पाटलाचं होतं हा निव्वळ योगायोग. तीनदा मोजलं, तीनदा अकरा गुंठे जास्त भरलं. मी म्हटलं तुझं चुकलं. ती म्हणाली, "बाबा, त्रिकोण बरोबर हायेत, धुराच सरकला." जाऊन पाहतो तर शेताचा धुरा, म्हणजे बांध, खरोखर गाडरस्त्यावर येऊन बसलेला. बावीस वर्षं त्याच धुऱ्यावर उभं राहून मी पाटलाचा चहा प्यालो आहे. मी तसा अहवाल धाडला, पाटील तहसिलीत गेला, आणि मला मेमो आला की शाळकरी मुलीकडून सरकारी मोजणी का करविली. मेमोत पुढं 'सदर मोजणी अचूक असली तरी' असे शब्द आहेत. नक्कल जोडली आहे. तुमच्या शाळेत भूमितीला कोणाला तहसिलीचा असा शेरा मिळाला असेल तर कळवा. पंधरा आणे.

विज्ञानात पाणी उकळून, वाफ नळीतून नेऊन, गार करून थेंब थेंब शुद्ध पाणी जमवण्याचा धडा आहे. मडकं मातीचं, नळी तांब्याची, चूल मागच्या अंगणात. हा धडा छापणाऱ्यानं आमच्याकडं दारूबंदीचा जमादार सायकलवर फिरतो याचा विचार करायला पाहिजे होता. तो आला (कोणी पाठवला ते लिहीत नाही, मघाशी त्याचा चहा सांगितला आहे), पाच पंच गोळा केले आणि मडकं जप्त केलं. जमुना पळाली नाही की रडली नाही. तिनं त्याला उभ्याउभ्या सगळा धडा समजावला, आणि शेवटी पेला पुढं केला. जमादार प्याला, पंच प्याले, सहाही जणांची फार निराशा झाली. पंचनाम्यात लिहिलं आहे, 'द्रव रंगहीन, वासहीन, चवहीन. मुलगी त्यास शुद्ध पाणी म्हणते व तसेच आढळले.' खाली पाच अंगठे आहेत. सोळा आणे, पार्वतानंही काही कापलं नाही. मडकं मात्र अजून परत आलेलं नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर मेमोचं उत्तर जमुनानंच इंग्रजीत लिहिलं. तहसिलीतल्या बाबूंनी ते अर्थ लावायला अमरावतीला पाठवलं असं ऐकतो. तूर्त अकरा आणे, अमरावतीचं मत आलं की वाढवू. बीजगणित दहा आणे.

असा हा कागद आहे. तुम्हाला पटो न पटो, पोरगी मार्चात परीक्षेला बसणार. सतरा वर्षांत जावई म्हणून मी तुमच्या दारी कधी रुसलो नाही, धोतरजोडी आखूड निघाली तरी बोललो नाही. आताही मागत नाही, सांगून राहिलो.

आपला,
महादेवराव

ता.क. – बीजगणिताचे दहा आणे खोटे आहेत. पार्वतानं पत्र वाचून घेतलं आणि पंच म्हणून नाव घालू द्यायला नकार दिला. खरी आणेवारी चार, म्हणजे बुडालेलं. पोरगी रोज पहाटे एकच पान उघडून बसते आणि ते पान काही उलटत नाही. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तिला घरी आणताना छाती काढून आणली, आणि आता तिच्यासमोर बसायची लाज वाटते. पोरीचं वर्ष माझ्या ताठ्यापायी गेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

ता.क. दुसरा – ते चार आणे कुठून आले तेही लिहितो. दिवाळीत जमुना तुमच्याकडं होती, तेव्हा वच्छलावहिनींनी चुलीपुढं बसून कोळशानं फरशीवर तीन उदाहरणं सोडवून दाखवली, आणि तुमची सायकल दारात आल्याबरोबर पोतेऱ्यानं पुसून टाकली. ती तीनच तिला येतात. वहिनी उच्च गणित घेऊन मॅट्रिक झालेल्या आहेत, हे तुमच्या लग्नात तुमच्याच वडिलांनी मांडवभर सांगितलं होतं. त्यानंतर पंधरा वर्षं तुम्ही गावच्या पोरांना शिकवलं आणि वहिनींना कधी एक गणित विचारलं नाही. त्यांना परीक्षेपर्यंत इकडं पाठवा. पोरं तुमची मोठी झाली आहेत, आणि भाकर थापायला शिकायचं तुमचंही वय गेलेलं नाही.

ता.क. तिसरा – पाठवा म्हटलं, पण ते रीत म्हणून. वहिनींना मी मागच्या आठवड्यातच कार्ड टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं, 'बुधवारी येते. ह्यांना तुम्हीच कळवा.' म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. दाखल्याचा कागद सोबत आहे. त्यातला 'कोणी शिकवले' हा रकाना मी भरून टाकला आहे: सौ. वच्छलाबाई देवीदास, मॅट्रिक, उच्च गणितासह. तुम्ही फक्त त्यांच्या नावाखाली सही करायची आहे.