बकेट खाली

अप्पा, आज आयुधपूजा झाली आणि तुमच्या ट्रॅक्टरपायी मी चारचौघांत पुन्हा वाईट ठरले. तुमच्या धाकट्यानं सकाळी ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, पुढच्या लोडरची बकेट पार डोक्याच्या वर उचलली आणि इंजिन बंद करून खाली उतरला. म्हणे, ट्रॅक्टर देवीला हात जोडतोय! बकेटखाली रांगोळी, रांगोळीत कोहळा, आणि कोहळ्याला कुंकू लावायला वाकलेली त्याची बायको. मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, “बकेट खाली!” ती दचकली, तबकातलं कुंकू सांडलं. ऐन पूजेत कुंकू सांडलं म्हटल्यावर वरुणा गावाहून आलेल्या, ट्रॅक्टर भाड्यानं नेणाऱ्या गिऱ्हाइकांची तोंडंही उतरली. मी तिला हाताला धरून बाजूला ओढलं. “अय्यो अक्का, सुम्मने, उगाच कशाला ओरडतेस? गाडी बंद आहे ना,” तो म्हणाला. “का नको, ते तरी सांग.” रागानं माझी जीभच वळेना. “अप्पांनी सांगितलंय म्हणून,” एवढंच आलं तोंडातून. तो हसला. “अप्पा काय, सगळ्यालाच ओरडायचे.” आणि रुसून, कोहळा न फोडताच आत निघून गेला. लोडरचा दांडा दाबून बकेट मलाही उतरवता आली असती, पण मीही अडून बसले. भोवती खुर्च्या आडव्या लावल्या आणि पानं वाढायला गेले.

खोटं नव्हता बोलला तो. आठवतंय? वरुणातल्या त्या शेतात मी नुकती ट्रॅक्टर शिकतेय, तुम्ही बांधावर उभे आहात. भाताच्या कोंड्यासाठीची रुंद बकेट लावलेली, तीच मी ओल्या मातीत घालते, शिगोशीग भरते, उंच उचलते आणि वळते. मागची चाकं जमिनीवरून सुटतात. “बकेट खाली! खाली!” तुमचा आवाज कालव्यापलीकडच्या माणसांनीही ऐकला असेल. मी खाली केली, चाकं टेकली, आणि तुम्ही मला उतरवून बसनं घरी धाडलंत. संध्याकाळी जेवायला समोरासमोर बसलो तेव्हा “लोणचं वाढ” याखेरीज तुमच्या तोंडून अक्षर निघालं नाही. कोंडा हलका, ओली माती जड, म्हणून तिला लहान बकेट लागते. मागं वजन बांधलं नाही तर ट्रॅक्टर तोंडावर येतो. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावं. एवढं सांगायला तुमचं काय जात होतं? मी ते ठेचकाळत शिकले. इंजिन बंद असलं तरी वरची बकेट नुसत्या तेलाच्या दाबावर तोललेली असते, सील झिजलं की हळूहळू उतरते आणि दांड्याला कुणाचा धक्का लागला तर धाडकन येते, हेही मला एका मेकॅनिकनं सांगितलं, तुम्ही नाही. तुम्ही उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवायचात आणि तिला हात लावून तो कपाळाला लावायचात. मला कितीतरी वर्षं वाटायचं, ही तुमची भक्ती.

जेवणं उरकून बाहेर आले तर धाकटा खुर्च्यांपाशी उभा होता. कुणी हात न लावता बकेट खाली आली होती. कोहळा तिच्याखाली चिरडला होता आणि रांगोळीत पाणी पसरलं होतं. त्याची बायको जिथं वाकली होती तिथंच. तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “अक्का, हे आधी नाही का सांगायचं?” असा संताप आला म्हणून सांगू! त्याचा आला, तुमचा आला, आणि बोलायला तुम्ही आता राहिला नाहीत, म्हणून हा कागद घेऊन बसले.

माणूस बकेटखाली उभा असताना कारण सांगत बसता येत नाही, हे आज कळलं. तेवढं तुमचं माफ. पण नंतर जेवताना वेळ होता की, अप्पा! आता एक सांगते, हसू नका. आज पंगतीत मी धाकट्याच्या समोरच बसले होते. त्याच्या पानात पुरणाची होळगी वाढली, वर तूप घातलं, तोंड फिरवलं, आणि काही बोलले नाही. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही. ज्याला पोचला असता तो बाहेर अंगण धुतोय, आणि मी अजून आत बसून तुमच्याशीच भांडतेय.