गच्चीवर बिबड्या, परिसरात घबराट

जामनेर,
दि. ९ एप्रिल २०२५

प्रिय सुरेशशेठ,

जय जिनेंद्र. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. केळीला पाणी पुरतंय, मंदाचा गुडघा कुरकुरतो आणि त्यापेक्षा जास्त मंदा कुरकुरते. धुळ्याची खुशाली पुनीत फोनवर सांगतो. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतर तुझा हात हलायला लागला, जेवण जातंय, सगळं समजतंय. फक्त बोलणं तू आपण होऊन बंद केलंस म्हणे. डॉक्टरांनी बजावलंय, चुकीचं का होईना पण बोलत राहा, नाहीतर आहे तेवढी वाचाही जाईल. हे तुझ्या पोरानं मला दोनदा सांगितलं.

म्हणून पत्र लिहितोय. फोनवर तू गप्प राहिलास की मला वाटतं रेंज गेली, आणि मी बावळटासारखा अंगणात जाऊन उभा राहतो.

परवा मंदानं बिबड्यांसाठी फळीवरचे डबे उतरवले. डब्यांच्या तळाशी तुझ्या इथल्या दुकानातली रद्दी निघाली, तू पुड्या बांधायला वापरायचास ती. आठवतं ना? दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्याशेजारी बसून जुने मथळे वाचायचो आणि विचारायचो, "मग पुढे काय झालं, शेठ?" सुरुवात मी करायची आणि शेवट तू. जिरं घ्यायला आलेली बाई जिरं विसरून हसत परत जायची.

तर त्या रद्दीत आपला लाडका मथळा सापडला. 'पिंपळनेरला गच्चीवर बिबड्या, परिसरात घबराट'. छापणाऱ्यानं 'ट'चा 'ड' केला आणि गच्चीवर आलेल्या बिबट्याचे ज्वारीचे पापड झाले. मग वनखात्याची गाडी आली, पिंजरा लागला. आत आमिष काय ठेवायचं यावर खल झाला आणि शेवटी बिबड्यांबरोबर खातात ते कच्चं तेल ठेवलं. ओल्या बिबड्या राखत बसलेली घरची म्हातारी काठी घेऊन आडवी आली, "हात नको लावू रे भाऊ, आजून वल्ल्या शेतस." एवढं माझं. शेवट तुझा होता. साहेबांनी बिबड्या रीतसर डोंगरात नेऊन सोडल्या, त्या बिबट्यांनी खाल्ल्या, आणि तेव्हापासून बिबट्या गावात येतो तो शेळीसाठी नाही, बिबड्यांबरोबर खायला शेंगदाणे मागायला येतो. त्या दिवशी तुझ्या हातातली हळदीची पुडी फुटून आपण दोघं पिवळे झालो होतो आणि लाडकुंवर वहिनींनी आपल्याला घरात घेतलं नव्हतं.

दुसरा मथळा, 'वरातीतून घोडा नवरदेवासह पसार'. तो मी पुढच्या गावच्या मांडवात पोचवला होता, तिथं नवरदेवाची वाट बघत होते. तू म्हणालास, नवरदेव परत यायला तयार होता, पण घोड्याला तिथलं जेवण आवडलं.

तिसरा मात्र आपण कधी वाचलेलाच नाही. 'हरवलेला पोपट सापडला, मालक बेपत्ता'. मी सुरुवात करून ठेवलीय. पोपट चौकीत टेबलावर बसलाय आणि हवालदारालाच विचारतोय, शेवटचे कधी दिसले, अंगावर काय होतं, कोणाशी वाकडं होतं का. याच्या पुढे मला जमत नाही. मंदाला विचारलं तर म्हणते, "मालक कुठं जातो, जेवायच्या टायमाला येतोच." बायकोच्या हाती शेवट दिला की गोष्टीचा संसार होतो.

आता जे लिहायचं मी टाळतोय ते लिहितो.

गेल्या शनिवारी मी तुला भेटायला धुळ्याला आलो. तू मला बघून उठून बसलास. चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, माणूस बरा झाला. तू माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "कुलूप." लहानगी आयुषी हसली, पुनीत तिच्यावर ओरडला. तू पुन्हा जोर लावलास, पुन्हा कुलूपच आलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपलास ते मी निघेपर्यंत वळला नाहीस. आणि मी काय केलं, तर चहा छान झालाय म्हणालो. बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोनी गेलं का भाऊ?" मी म्हटलं, नाही, आहे.

सुरेश, तुला लाज कशाची वाटली? माझं नाव चुकलं याची? तुला कोणाला हाक मारायची होती ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मला तर पहिल्या झटक्यात कळलं. चुकलेल्या एका अक्षरावर आपण दोघं वर्षानुवर्षं हसलो, त्या छापणाऱ्याला कधी नावं ठेवली नाहीत, उलट त्याचं भलं होवो म्हणालो. आयुषी त्याच हसण्यानं हसली रे. तुझीच नात आहे, दुसरी कशी हसेल? तिला जवळ घे. आणि तू गप्प बसलास तर मला करमणार नाही, हे आता या वयात सांगायला मी लाजत नाही.

या शनिवारी पुन्हा येतोय. या खेपेला चहाचं कौतुक करणार नाही, खुर्ची ओढून तुझ्या तोंडासमोर बसणार आहे. कुलूप म्हण, कढई म्हण, काहीही म्हण. फक्त कांदा म्हणू नकोस, वहिनी रागावतील. जे म्हणशील त्याला मी ओ देईन.

तू मारशील त्या हाकेचा,
कौतिक