खोडलेली उत्तरं

६ ऑगस्ट, बुधवार
मेकॅनिकलचं तिसरं वर्ष लागलं, तरी रोज वाटतं कुणीतरी वर्गात येऊन म्हणेल, तू चुकून आलीस, जा चाकणला परत. आज मॅडमनी नेमका तोच विषय दिला. सर्व्हे. ‘आपली इथं बसायची लायकी नाही, एक दिवस पकडले जाऊ’ असं कुणाला जास्त वाटतं, मुलींना की मुलांना? जोडीला ओंकार, वर्गात पहिला येणारा. मॅडम म्हणाल्या, “तुझं काम नीट असतं म्हणून तुला घेतलं.”  मी तेवढी हुशार नाही, हे यांना अजून कळलेलं नाही.

११ ऑगस्ट
ताथवड्यातल्या आमच्या कॉलेजच्या तीन वर्गांत फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाही. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे कायम. माझा फॉर्म हाताने झाकून भरला. सगळे पाच. गठ्ठ्यात मधोमध सरकवला.
पप्पांचा फोन. “कंपनीत समद्यांना सांगितलंय, पोरगी इंजिनेर व्हनार.” नाही जमलं तर? ओठांवर आलं होतं. गिळलं.

१४ ऑगस्ट
आकडे मांडले. मुलींची उत्तरं चार-पाच, मुलांची एक-दोन. ओंकार हसला, “बघ, तुम्ही पोरी उगाच टेन्शन घेता. लिहून टाक.” लिहिलं. पण काहीतरी खटकलं.

१८ ऑगस्ट
फॉर्म पुन्हा तपासत होते. एक पेन्सिलीने भरलेला. सगळीकडे एक. उजेडात धरला तर प्रत्येक एकाखाली रबराने खोडलेला पाच. खाली ‘आणखी काही सांगायचंय?’ तिथंही खोडलेलं, पण दाबून लिहिलेलं, वाचता येतं : ‘व्हायवाच्या आधी कुठंतरी निघून जावं.’ तोंडी परीक्षा बावीसला.
अक्षर ओळखीचं. आठवडाभर शेजारी बसून तक्ते भरतोय आम्ही. ओंकारचं.


१९ ऑगस्ट
कँटीनमागे त्याला कागद दाखवला. त्याने तो उलटा केला.
“मॅडमना सांगू नकोस.”
“खोडलंस कशाला?”
“शेजारी पोरं बसली होती. पाच कोण लिहिणार, राव?”
“निघून जायचं म्हणजे कुठं?”
“काही नाही गं. गंमत.” परत तेच हसणं.
मी पण पाचच लिहिलेत, एवढं सांगायला हवं होतं. घाबरले.

२१ ऑगस्ट
मॅडमच्या केबिनपाशी दोनदा गेले. उत्तरं गुप्त राहतील असं फॉर्मवर आम्हीच छापलंय. परत फिरले. उद्या व्हायवा आहे. जेवण गेलं नाही.

२२ ऑगस्ट
ओंकार आला नाही. फोन बंद. व्हायवाची यादी लागली, त्याचा नंबर चौथा. मग राहवलं नाही. केबिनमध्ये शिरले, कागद मॅडमपुढे ठेवला, सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या खुर्चीतून उठल्याच. त्याच्या आईला फोन केला. “सकाळीच डबा घेऊन गेलाय की. का हो?”
साडेबाराला त्याचा फोन लागला. मागे बसचे हॉर्न.
“निगडीच्या बसस्टँडवर बसलोय.”
“तिथंच थांब. येतोय आम्ही.”
“आम्ही म्हणजे? सगळ्यांना सांगितलंस?”
“फक्त मॅडमना. ओंकार, मी पण सगळे पाच लिहिलेत.”
 त्याने फोन ठेवला नाही.
आता रिक्षात. मॅडम ड्रायव्हरला घाई करतायत. फोन मांडीवर, स्पीकर चालू. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय. मधेच तिकडून कंडक्टरची आरोळी आली, बसचं दार आपटलं. मी हाक मारतेय. तो चढला की बाकावरच आहे, कळत नाही.