धूरकर नामंजूर

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लिफ्टशेजारी नोटीस लागली. विशेष सर्वसाधारण सभा, रविवार, २३ तारीख. विषय एकच: टेरेसवर सिगारेट ओढणाऱ्या सभासदांकडून महिना तीनशे रुपये ‘धूम्रपान आकार’ घेणे. सही: रसिकाबेन, सेक्रेटरी.
घरात आनंदी ओढू देत नाही, बायकोच ती. खाली अख्खं शांती नगर ओळखीचं. उरली टेरेस. तिथला मिठागरांच्या बाजूचा कोपरा, संध्याकाळी साडेसहा. दिवसातला तेवढाच वेळ माझा. त्यावर कर.
लढणार. तत्त्वासाठी. पैशासाठीही, पण ते दुय्यम.

८ नोव्हेंबर, शनिवार
नोटिशीत चुका काढल्या. सोसायटीचे उपविधी मला कोणी शिकवले नाहीत. स्वतः वाचले, दोनदा, समासात पेन्सिलने खुणा करून. बिल्डिंगमध्ये एक वकील आहे. त्याने वाचलेले नाहीत. मी विचारलं होतं.
रसिकाबेनना समजावलं की मतदान गुप्त हवं, आणि विषयापुढे ‘व त्या अनुषंगाने येणारे ठराव’ हे शब्द हवेतच, नाहीतर सभा कच्ची. म्हणाल्या, सदूभाई, तुमी नसते तर या सोसायटीचं काय झालं असतं. संध्याकाळी नवी नोटीस लागली, माझ्या शब्दांसकट. पहिली फेरी माझी.

१० नोव्हेंबर, सोमवार
याच महिन्यात सोडायचा विचार होता. पण आत्ता सोडली तर लोक म्हणतील, कर यायच्या आधीच लागू पडला. तेव्हा सभेपर्यंत ओढणं भाग आहे. आज नेहमीपेक्षा दोन जास्त. निषेध म्हणून.

१२ नोव्हेंबर, बुधवार
प्रचाराला सुरुवात. घोषणा: ‘आज सिगारेट, उद्या पापड’. म्हणजे टेरेसवर एका गोष्टीला कर बसला की उद्या वाळवणालाही बसेल. फार खोल विचार आहे.
दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पापडावर राख कोण पाडतं ते आधी सांगा. तिसऱ्या मजल्यावरच्याने दाराची साखळी न काढता सांगितलं, अंकल, तीन सौ कम है. चौथ्या मजल्यावर बेल बंद होती. बेल बंद आहे असं आतून कोणीतरी ओरडून सांगितलं.
एकंदर प्रतिसाद उत्साहवर्धक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बॉस्को टेरेसवर भेटला. बी विंगचा, मूळचा उत्तनचा, कोपऱ्यातला माझा एकमेव सोबती. म्हणाला, सदू, लोकांना तुजा धूर नको हाय, तुजं तत्त्व पन नको हाय. जरा त्यांच्या बाजूनं बोल. म्हटलं, विचार करतो. खरं तर हे मला आधीच सुचलं होतं, त्याने फक्त उच्चारलं.
गेटबाहेरचे पानवाले गुणवंतभाई यांचा जाहीर पाठिंबा. पत्रकांचं झेरॉक्स ते करून देणार. म्हणाले, साहब, टैक्स के टेन्शन में आप पीना कम कर दोगे, मुझे आपकी चिंता है. अशी निःस्वार्थी माणसं आता राहिली नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार
दात घासताना सुचलं. पेस्ट तोंडात तशीच ठेवून लिहून काढलं: ‘पाप असेल तर बंद करा. पाप नसेल तर पैसे मागू नका. पापावर भाडं खाणारी सोसायटी आम्हाला नको.’
मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांना यात खोट काढता येणार नाही. आनंदीला वाचून दाखवलं. मेथी निवडायची थांबली. म्हणाली, अहो, ते पहिलं वाक्य ठळक करा. लग्नानंतर माझ्या लिखाणाला मिळालेली ही तिची पहिली दाद.

१९ नोव्हेंबर, बुधवार
वारं फिरलं. काकूंनी पत्रक फ्रिजवर चिकटवलंय. तिसऱ्या मजल्याने साखळी काढली, वर चहा दिला. रसिकाबेननी स्वतः येऊन दहा प्रती मागितल्या. शत्रूच आपली पत्रकं वाटायला लागला, याहून मोठा पुरावा काय हवा.
बॉस्कोने पत्रक उलटसुलट करून दोनदा वाचलं. मग म्हणाला, सदू, ह्ये कोनाच्या बाजूचं हाय? त्याला सूक्ष्म लिखाण कळत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ९. इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. टाळ्यांसाठी थांबायच्या जागा लाल पेनने दाखवल्यात.

दुपारी १. ऐतिहासिक विजय. चिठ्ठ्या मोजल्या. हजर सभासद चाळीस, कराच्या बाजूने फक्त दोन. धूरकर नामंजूर. एवढ्या टाळ्या या सोसायटीत लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हाही पडल्या नव्हत्या. मी हात वर करून त्या स्वीकारल्या.

दुपारी ४. वरच्या नोंदीत थोडी भर. टाळ्या चालू असतानाच रसिकाबेन उठल्या. म्हणाल्या, पैसे घेणं चूक, हे सदूभाईंनी आपल्याला पटवलं. आता त्यांचंच पहिलं वाक्य ‘त्या अनुषंगाने येणारा ठराव’ म्हणून घेऊ या. टेरेसवर सिगारेट पूर्ण बंद. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.
सगळे हात वर. त्यात माझाही. तो टाळ्यांसाठी होता, आणि खाली घ्यायला वेळच मिळाला नाही. बॉस्कोचाही वर. त्याला जाब विचारला, तर म्हणाला, तू बोललास त्ये पटलं.
इतिवृत्तात: सूचक मी, अनुमोदक बॉस्को. कायदेशीर त्रुटी सापडते का म्हणून उपविधी काढून बसलो. नाही. नोटीस अत्यंत काळजीपूर्वक तयार केलेली आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
टेरेसला कुलूप लागलं. दारावर पाटी, खाली सूचक म्हणून माझं नाव. अक्षर सुबक आहे, हे मान्य करायला हवं. चावी सूचकाच्या घरी राहावी असं ठरलं. मनात म्हटलं, चला, म्हणजे मार्ग आहे. रसिकाबेननी ती आनंदीच्या हातात दिली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
गुणवंतभाईंच्या टपरीवर गेलो. खिशात हात घातला तोच मागून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सुनेला म्हणाल्या, हेच ते. सुनेने वाकून नमस्कार केला. मी बडीशेप घेतली. गुणवंतभाई म्हणाले, साहब, एक रिक्वेस्ट है, अगली बार मेरे लिए मत लड़ना.
महिना तीनशे. तसे काही फार नव्हते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्याकाळी साडेसहा. आनंदीला म्हटलं, पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का पाहून येतो, चावी दे जरा. पदराला हात पुसत म्हणाली, चला, मीपण येते.
दोघं वर गेलो. झाकण नीट बसलेलं होतं. मी ते उघडून पुन्हा लावलं. मग एकदा परत. ती कोपऱ्यात उभी राहून मिठागरांकडे बघत होती. म्हणाली, छान वारं लागतं हो इथे, रोज येत जाऊ या.
म्हटलं, येऊ या.