साध्या पडद्याचा लॅपटॉप

रावेर

प्रिय भूमिका,

तू आम्हाला पाठवणार तो लॅपटॉप टचस्क्रीनचा घ्यायचा की साधा, हे तू तुझ्या भावाला, ललितला मेसेजवर विचारलंस आणि उत्तर मी पत्रानं देतोय, याचं तुला हसू येईल. पण फोनवर आईचा विषय निघाला की तू 'राहू द्या नाना' म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र निदान वाचशील.

तुझ्या मते टचच बरा, आईला कीबोर्ड जमायचा नाही. आम्ही जळगावला जाऊन दोन्ही बघून आलो. टचचा पडदा फार चकाकतो. आपल्या पॅकिंगच्या शेडमध्ये, उन्हात, त्यात केळीच्या भावापेक्षा ललितचंच तोंड जास्त दिसेल. वजनालाही तो जड. शिवाय आमची बोटं केळीच्या चिकानं भरलेली, काच रोज कोण पुसत बसणार? दुकानदार म्हणाला, बॅटरीही साध्याची जास्त टिकते. ललितचा ओढा तरी टचकडेच. नव्या वस्तूला बोट लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तू शिंदखेड्याच्या किरणशी लग्न केलंस तेव्हा तुझी आई आली नाही, हे खरं. पुढे मात्र टॅबवर तुझा व्हिडिओ कॉल आला की हातातलं काम टाकून बसायची. पण दोन वाक्यं होत नाहीत तोच कॉल कट. आईचा राग गेला नाही, माझं तोंड दिसलं की कापते, असं तू ललितला म्हणालीस आणि दिवाळीपासून कॉल करणंच सोडलंस. मलाही तसंच वाटत होतं. तिला विचारायला गेलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची. शिंदखेडा काही परदेश नाही, पण तुम्हा दोघींच्या हट्टापुढे मी काय बोलणार?

परवा दुकानात ललितनं टचच्या लॅपटॉपवर तुझा फोटो लावला. तुझ्या आईनं सवयीनं तुझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. फोटो सरकला, त्या जागी केळीच्या ट्रकचा फोटो आला. ती हात मागे घेऊन म्हणाली, "असंच व्हते. मी हात लावला का पोरगी निंघून जाते. तिले मी नको वाटते." टॅबवर तुझ्या हनुवटीखाली कॉल बंद करायचा लाल गोल असतो ना, तिचा हात दर वेळी तिथंच येऊन टेकायचा. इतके महिने ती तुझी दृष्ट काढत होती आणि तू समजलीस, फोन कापतेय. मला तिथं दुकानातच रडू आलं. ललित हे सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय. लॅपटॉप साधाच घे. तो येईपर्यंत टॅबवर कॉल करत जा, मी तिचे हात धरून बसतो.

तुझाच,
नाना