सुंबरानातलं नाव

आबा, आज संध्याकाळी मी भर मंडपात भांडून आले आणि घरी येऊन बघते तर ते सांगायला कुणी नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच, आणि शेजारीण मालिका लागली की दार उघडत नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही आलेला कुठलाही कागद मोठ्याने वाचायचात, पलटणीतलं पत्र असो की विजेचं बिल; तेव्हा जरा मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

इथे सांगलीत दरवर्षी लोकसंगीताचा महोत्सव भरतो. दिल्लीकडचे पाहुणे येतात. त्यांना समोर काय चाललंय ते कळावं म्हणून इंग्रजीत चार वाक्यं बोलणारं कुणीतरी समितीला लागतं, आणि कॉन्व्हेंटात शिकलेली निवृत्त बाई फुकट मिळते. यंदा मी अट घातली, की जतकडच्या आपल्या वाडीची गजी, ढोलावर नाचणारी धनगरांची मंडळी, बोलवायची, तरच मी माइक हातात धरीन. अस्सल कला आहे, माळावरच्या मेंढपाळांची आहे, आज नाही ऐकली तर उद्या मिळणार नाही, असं सगळं मी बैठकीत सांगितलं. समित्यांना असलं ऐकायला आवडतं. खरं कारण एवढंच होतं, की मला माइकवरून तुमचं नाव ऐकायचं होतं.

सुंबरान म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण त्यातलं मला किती समजायचं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतेच. मी लहान आहे, सुट्टीत वाडीला आलेय. तुम्ही रजेवर आहात. बिरोबाच्या देवळापुढे ढोल लागलेत, पांढरे झगे आणि लाल फेटे घालून माणसं गोल उभी आहेत, पण नाच अजून सुरू नाही. आधी सुंबरान. म्होरक्या गाऊन गाऊन एकेका देवाला बोलावतो, मग गुरूंना, मग वाडीतल्या मेलेल्या वाजवणाऱ्यांना. मेलेल्याचं नाव घेतलं की तो थांबतो. ढोल थांबतात, झांज थांबते. त्या घरचं जे कुणी उभं असेल त्याने ‘हाय’, म्हणजे मी आहे, म्हणायचं, तेव्हाच टिपरू पुन्हा ढोलावर पडतं. आजोबांचं नाव आलं की तुम्ही म्हणायचात. कवायतीच्या मैदानावर शंभर जवानांना ऐकू जाणारा तुमचा आवाज तिथे एवढासा व्हायचा. मी पलीकडे बायकांत बसून बघायचे. एकदा सगळं आटोपल्यावर मी तुमच्या ढोलावर दोन थापा मारल्या, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. “ठेव त्ये. तुला तिकडं शिकाया धाडलीया ती ह्येच्यासाठी न्हाई.” तुम्ही मला खूप दिलंत, आबा. कॅन्टीनमधले काळे बूट दिलेत, ट्रंक दिलीत, घोंगडं दिलंत. ते वास येतो म्हणून सिस्टरनी ट्रंकेत बंद करायला लावलं आणि मी वसतिगृहातले दिवे मालवल्यावर रोज काढून अंगावर घेतलं. ढोल तेवढा दिला नाहीत. त्याचा राग मला अजून आहे, आणि तुम्ही आता नाही एवढ्याने तो कमी करावा असं मला वाटत नाही.

नावाचंही ऐका. माझं लग्न झालं त्याच दिवशी माझ्या नावाच्या मधून तुम्हाला उठवलं आणि तिथे नवऱ्याला बसवलं. कुणी मला विचारलं नाही, तुम्हालाही नाही. पुढे नोकरीभर तीच सही. दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, सगळीकडे मला नवऱ्याच्या नावाने हाक येते. तो भला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दादा होता तोवर त्याच्या नावात तरी तुम्ही होतात. दादा गेला. त्याच्या मुलाच्या नावात दादा आहे, तुम्ही नाही. तुमचं नाव तोंडाने घेणारं एकही माणूस इथे माझ्या ओळखीत उरलं नाही. मी स्वतः ते शेवटचं कधी उच्चारलं? घरात कोणापुढे उच्चारू?

तर आज दुपारी वाडीचा टेम्पो आला. आता म्होरक्या आहे तो म्हणजे तुमच्या ढोलाशेजारी झांज घेऊन उभा राहायचा तो पोरगेलासा माणूस. आता त्याच्या मिशाही पांढऱ्या झाल्यात. मला आक्का म्हणाला, वाकून नमस्कार केला, मी मागे सरले तरी केला. तेवढ्यात आमचे संयोजक आले. या गृहस्थांच्या कुडत्याची इस्त्री जेवढी नीट असते तेवढं नीट त्यांच्या डोक्यात काही नसतं.

“भंडारा उधळायचा नाही हं,” ते म्हणाले. “गालिचा भाड्याचा आहे.”

“मग कपाळाला तरी लावू द्या,” म्होरक्या म्हणाला. “का तितं बी गालिचा घातलाय?”

“आणि ते सुरुवातीचं लांबलचक गाणं नको. लोकांना नाच बघायचा असतो. डायरेक्ट नाच घ्या.”

“आवं सायेब, सुंबरान मांडल्याबिगर पाय उचलत न्हाई आमचा.”

“बरं, मग थोडक्यात उरका.”

म्होरक्या माझ्याकडे वळला. “आक्का, तुमीच इचारा ह्येंला. देवाला थोडक्यात कसं बोलवायचं? मिस कॉल द्यायचा?”

मी संयोजकांना मराठीत जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. सुंबरान होणार हे ठरलं.

आणि सुरू झालं, आबा. ढोलाचा पहिला घुमारा खुर्च्यांच्या पायांतून वर आला. मी कोपऱ्यात माइक धरून उभी. माळावरचे देव आले, कर्नाटकातले आले, कोल्हापूरकडचे आले. मग गुरू आले. आता गेलेल्यांची नावं लागणार होती. तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गडबड उडाली. प्रमुख पाहुणे आले. त्यांच्या हस्ते दिवा लावायचा होता. तो सकाळीच लावलेला होता, म्हणून कुणीतरी धावत जाऊन फुंकर मारून विझवला. गाणाऱ्यांपुढचा माइक बंद झाला. म्होरक्याचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता. वाजवणारे टिपरू वर धरून उभे राहिले. संयोजक मला खुणावत होते, काहीतरी बोला, काहीतरी बोला. माझा माइक चालू होता. मी इंग्रजीत सांगितलं, की देव वेळेवर येऊन बसलेत, पाहुणे आत्ता येताहेत, आणि या महोत्सवात उठायला देवांना सांगितलं जातं. पुढच्या रांगेने हसून टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला. मग मी तेच मराठीत सांगितलं, तेव्हा माझाही माइक बंद झाला.

मागे जनरेटरपाशी टेम्पो उभा होता. मला वाटलं, आता ही माणसं सामान भरतील. त्यांनी चपला काढल्या आणि तिथेच खडीवर गोल केला. “बोलावल्यात त्येंला, आता मधीच कसं सोडायचं,” म्होरक्या म्हणाला आणि जिथे तुटलं होतं तिथून उचललं. मंडपात भाषण चाललेलं, जनरेटर धडधडत होता, ऐकणारी मी एकटी. एकेक नाव येत होतं, गोलातून कुणीतरी ‘हाय’ म्हणत होतं. मग तुमचं नाव आलं. पूर्ण नाव, आजोबांसकट, वाडीसकट. ढोल थांबले. झांज थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायका म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी बायकांत बसून तोंड उघडलं नव्हतं. माझ्या घशातून जे बाहेर पडलं ते सांगायला लाज वाटते. वर्गात हजेरी घेताना आम्ही उभं राहून जे म्हणायचो ते, “प्रेझेंट, सिस्टर.”

ढोलवाला पोट धरून हसायला लागला. “आवं आक्का, बिरोबाला सिस्टर केलासा की!” मीही हसले. हसता हसता डोळे पुसावे लागले. म्होरक्या मात्र हसला नाही. त्याने तुमचं नाव पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि थांबला. मी ‘हाय’ म्हणाले. टिपरू पडलं.

नंतर चहा घेताना मी विचारलं, दादा गेल्यावर आमच्या घरचं कोण म्हणत होतं? तो म्हणाला, “आमच्यातलंच कोन बी म्हनतं. नाव गळाया नको म्हनून.” आणि मग, आबा, मी त्या भल्या माणसावरच तुटून पडले. बायकांची नावं का घेत नाही? फेटे कुणी धुतले, यात्रेला आलेल्यांच्या भाकरी कुणी थापल्या, तुम्ही नाचत असताना मेंढरं कुणी सांभाळली? आईचं नाव कुठे आहे तुमच्या सुंबरानात? मी बरंच बोलले. तो कपातला चहा गार होऊ देत ऐकत राहिला. मग म्हणाला, “तसा रिवाज न्हाई. पर इचारलंय कुनी आजवर? तुमी आईचं नाव सांगा, यंदा जत्रंला घेऊ. ‘हाय’ म्हनाया तुमी हायच.” मी नाव सांगितलं. विसरू नये म्हणून त्याने ते ओठांतल्या ओठांत चालीवर म्हणून बघितलं, मग टेम्पोत चढला.

मंडपात मी परत गेले नाही. रिक्षाने घरी आले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. मी आईसाठी भांडले असं त्याला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. आईसाठी ‘हाय’ म्हणायला मी आहे. भांडताना माझ्या जिभेवर जे नाव होतं ते आईचं नव्हतं, आबा, माझं होतं.