सुनेची शिट्टी

प्रिय सोनल,

तू फोन बंद ठेवलास म्हणून मला कागद घ्यावा लागला. सासू सुनेला पत्र लिहितेय हे कळल्यावर तबेल्यातला बाबू खी खी हसला. त्याला म्हटलं, दात दाखवू नकोस, गाडीत पेट्रोल टाकून ये. सातवीपर्यंत शिकलेय मी, अक्षर तुझ्या नवऱ्यापेक्षा बरंच म्हणायचं. आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे आणि राग सगळ्यांवर आहे, तुझ्यावरसुद्धा. माहेरी जायचं तर खुशाल जा, अकलोली काही परदेशात नाही. पण जाताना तबेल्यात डोकावून मला सांगायला काय झालं होतं? मी घोड्यांच्या चंदीच्या खोलीत हरभरे भिजत घालत बसले होते. तू पिशवी घेऊन फाटकासमोरून गेलीस. बुंदीने तुला जाताना बघितलं, मी नाही. ती तेव्हा एवढी का खिंकाळली ते मला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं.

तबेल्याचं म्हणशील तर चाललंय आपलं. लीद काढा, पाणी भरा, चंदी द्या, खरारा करा, खुरांतले खडे काढा, फिरवून आणा. रस्त्याच्या कडेला नवी गोदामं झाल्यापासून कंटेनरची सगळी धूळ आपल्या गवताच्या गंजीवर बसते. गवत झटकून, वर पाणी शिंपडून मगच घोड्यांपुढे टाकायचं, हे तू बाकीच्यांना शिकवलंस. आता तेच लोक आपणच शोध लावल्यासारखे मला शिकवतात. घोडे ठाण्या-मुंबईच्या लोकांचे, त्यांच्यामागे राबायचं आपण. मालक रविवारी येणार, गालाला गाल लावून फोटो काढणार, नको ते भरवणार, आणि सोमवारी पोट दुखलं की घोड्याला तासन्‌तास चालवत आम्ही फिरायचं. परवा एक बाई घोड्याच्या वाढदिवसाला केक घेऊन आल्या. क्रीमचा केक, घोड्याला! मी तो काढून घेतला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. बाई रुसल्या. रुसू देत.

पण हा राग रोजचा, तो पाणी प्यायलं की उतरतो. दुसरा उतरत नाही. बुंदीची मालकीण असली तरी रीमा मुलगी वाईट नाही. बुंदीला तिच्या अंगावरच्या तांबूस ठिपक्यांमुळे बुंदी हे नाव तिनेच लहानपणी ठेवलं, तेव्हा तिला धड रिकिबीत पाय घालता येत नव्हता. पण आता सगळी अक्कल मोबाइलात जाऊन बसलीय. तू बुंदीला आंघोळ घातलीस, रोजच्यासारखी बाजूला उभी राहून ती तुझी हळू, लांब शिट्टी मारलीस, बुंदीने पाय फाकवले आणि ती मुतली. आपल्याकडे ही रोजची गोष्ट. शिट्टी ऐकली की घोडं मोकळं होतं, ही घोडे राखणाऱ्या सईसांची जुनी रीत, आपल्या तबेल्याचे जुने सईस पंढरीकाका, त्यांनी जाण्याआधी बुंदीला तुझ्या हातात दिलं तेव्हा शिट्टीही दिली. रीमाने त्याचा व्हिडिओ काढला, तुझी शिट्टी पुसून वर कुठलंसं गाणं घातलं, हसरी तोंडं चिकटवली आणि दिला सोडून जगभर. जग राहिलं बाजूला, तो आधी आपल्या गावातल्या ग्रुपवर येऊन पडला.

आता मला सांग, यात हसण्यासारखं होतं काय? घोडं मुतलं नाही तर मरतं. पण बाईमाणसाने शिट्टी मारायची नसते म्हणे! बाईमाणसाने लिदीच्या पाट्या डोक्यावर घ्याव्यात, गोदामात दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या चिकटवाव्यात, घरी येऊन भाकऱ्या थापाव्यात, ते सगळं चालतं. ओठांचा चंबू केला की घराण्याची अब्रू गेली. आणि हे म्हणतंय कोण? ज्यांनी जन्मभर कोन गावाच्या नाक्यावर टेकून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना शिट्ट्या घातल्या तेच! तू माझ्याबरोबर बाजारात आली होतीस तेव्हा त्यांनी मागून शिट्टी घातलीच होती की. ती त्यांची शिट्टी गावाला चालते. घोडीसाठी मारलेली चालत नाही.

त्यांच्या हसण्याला आमचा दिनेश बळी पडला. माझ्या पोटचा आहे, म्हणून जास्तच चीड येते. ताट सरकवून ओरडला, "नाक्यावर तोंड दाखवाया जागा न्हाय ऱ्हायली माजी! उद्यापासून तबेल्यात पाय टाकायचा न्हाय." तू त्याचं ताट उचललंस, घासलंस, पालथं घातलंस. मी बोलले, पण मी बोलून काय होतं, बोलायला तू हवी होतीस. सोनल, तुझं हे गप्प राहणं मला आवडत नाही. घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसतेस, तो लाथ मारेल म्हणून घाबरत नाहीस, आणि माझ्या लेकाला घाबरतेस?

तू गेल्यावर त्याला समोर बसवलं. विचारलं, तू तान्हा होतास तेव्हा पायांवर धरून शूऽ शूऽ करून तुला कोणी मुतवलं? मीच ना? तेव्हा तुझी अब्रू कुठं होती? बाबू दारात उभा होता, तो इतका हसला की दिनेश उठून निघूनच गेला. मला वाटलं, घाव बसला. कसला बसतोय.

आता जे सांगायला बसले ते सांगते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले, कारण हे लिहायला हात वळत नव्हता. बुंदी आजारी आहे. तू गेलीस त्या आठवड्यात कंटेनरच्या हॉर्नला बिचकून ती ओढ्याच्या काठावरून घसरली. मागचा पाय मुरगळला. हाड मोडलेलं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी तिला ठाणावरून हलवायचं नाही म्हणून सांगितलंय. पाय दुखतो म्हणून ती मागचे पाय फाकवत नाही, आणि पाय फाकवत नाही म्हणून मुतत नाही, नुसते थेंब गाळते. पोट ताठ होतं, मग ती पोटाकडे मान वळवून बघत राहते. डॉक्टरीणबाईंनी दोनदा नळी घालून लघवी काढली. भली बाई आहे, प्रत्येक वेळी बुंदीशी बोलत बोलत करते. पण तिने साफ सांगितलं, नळी अशी परत परत घातली तर आत जखम होईल. घोडीने आपणहून केलं पाहिजे. नाहीतर ट्रकात घालून मुंबईच्या इस्पितळात न्यायचं. त्या पायावर, त्या रस्त्याने, तेवढ्या हॉर्नांत! ती तिथवर पोचेल असं मला वाटत नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही वाटत नाही. तोंडाने बोलल्या नाहीत एवढंच.

शिट्ट्या सगळ्यांनी मारून बघितल्या. बाबूची तर रिक्षा थांबवल्यासारखी, बुंदी दचकली. मग कोणीतरी म्हणालं, रीमाचा व्हिडिओ लावा. लावला, तर त्यात शिट्टी कुठे, गाणं! ज्या शिट्टीवरून तुला गाव सोडायला लावलं ती त्या व्हिडिओत ऐकूच येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं. मूळचं शूटिंग रीमाने लाजेपायी पुसून टाकलंय. ती बुंदीच्या मानेला मिठी मारून रडत होती. मी तिला रडू दिलं. शेवटी मीसुद्धा ओठ जुळवले, भर रविवारी, सगळ्या मालकांसमोर. पुढचा दात नाही, नुसती हवा गेली. लोक हसले. मी त्यांच्याकडे बघत आणखी एकदा मारली.

दिनेशलाही दंडाला धरून आणला. दिवसभर गाडीवर सिनेमाची गाणी शिट्टीत वाजवत फिरतो ना, म्हटलं दाखव आता. त्याने मारल्या, मन लावून मारल्या, खोटं कशाला बोलू. बुंदीने कान मागे पाडले आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी आल्यावर जेवून त्याने आपलं ताट आपणच घासलं. मला वाटलं, आता समजलं लेकाला. तर म्हणतो कसा, "बोलव तिला. पन शिट्टी तबेल्यातच मारायची, कुनी बघत नसल तवाच." अटी घालतो! जी चूक त्याची, तिच्यावर अटी तुला!

म्हणून घरी ये असं मी लिहिणार नाही. घर आहे, चूल आहे, दिनेश आहे, त्यांचं त्यांनी बघावं. तो इथे येऊन, सगळ्यांसमोर, तुझ्याशी नीट बोलेल तेव्हा काय करायचं ते तू ठरव. मी हे पत्र घरातून लिहीत नाहीये. चंदीच्या खोलीला लागून पंढरीकाकांची खोली आहे ना, तिथे बसलेय. माझं अंथरूण इथे आणलं आणि तुझंही आणलंय. भिंतीकडची जागा तुला ठेवलीय, तिथून बुंदी दिसते. डॉक्टरीणबाई उद्या येतील आणि ट्रकाचं ठरेल. त्याआधी तू यायला हवीस. बाबू पत्र देऊन तुमच्या ओट्यावर बसून राहील, त्याच्या गाडीची मागची सीट रिकामी आहे. फाटकातून आत आलीस की कोणाशी बोलू नकोस, माझ्याशीसुद्धा नाही. सरळ बुंदीच्या बाजूला जा आणि शिट्टी मार, हळू, लांब, तुझी नेहमीची. ती मोकळी झाली की मग बाहेर अंगणात ये आणि आणखी एक मार. जोरात, नाक्यापर्यंत जाईल अशी. ती माझ्यासाठी.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
सासू